रकाना चौदा

३ मार्च

फॉर्म आला. बारा पानं! विमानतळाच्या आत एसी दुरुस्त करायचे तर एवढी चौकशी — मी काय विमान पळवणार आहे? रकाना चौदा: आजवर कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? होय / नाही.

होय. तीन महिने, एकविसाव्या वर्षी. बाबांचा हात मशीनमध्ये गेला, मालकाने त्यांना काढून टाकलं आणि वर त्यांची हत्यारांची पेटीही अडकवून ठेवली. ती आम्ही भरदुपारी वर्कशॉपचं कुलूप तोडून आणली. हातोडा दादाने घातला, मी दाराशी उभी. कोर्टात कुणी तोडलं हे दोघांनीही शेवटपर्यंत सांगितलं नाही. दोघांना सारखीच शिक्षा. मला आजही त्याची लाज वाटत नाही.

४ मार्च

दादा येऊन गेला. तो विमानतळावरच आहे, सामान विभागात सुपरवायझर. अकरा वर्षं झाली. म्हणाला, "सरळ 'नाही'वर टिक कर. मी तेच केलं. काय बिघडलं माझं? कशाला जुनी मढी उकरतेस?"

म्हटलं, मी खोटं लिहिणार नाही. भडकलाच. "मोठी हरिश्चंद्राची अवलाद!" — म्हटलं, मग तूही त्याचीच की!

५ मार्च

चौदाच्या खाली बारीक अक्षरात: सोबत आणखी कोणास शिक्षा झाली? नाव व नाते.

झालं! मी खरं लिहिलं की दादाचं खोटं उघडं. त्याची नोकरी जाणार.

७ मार्च

वहिनी आली. चहाला हातही लावला नाही. "ताई, पोरांकडे बघा हो." आणि रडायलाच लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण माझं काय? आठ वर्षं लोकांच्या गच्च्यांवर चढून उन्हातान्हात गॅस भरतेय. कायमची नोकरी पहिल्यांदा दारात आलीय. खोटं लिहून उद्या सापडले, तर तीही गेली आणि अब्रूही. आणि शिक्षा भोगलीय मी! पूर्ण. एक दिवसही सूट नाही. आता तोंड का लपवू?

८ मार्च

दादाला फोन. म्हटलं, सोमवारपर्यंत तूच जाऊन साहेबांना सांग. आपणहून सांगितलंस तर निभावेल. मंगळवारी मी फॉर्म देणार म्हणजे देणार.

"बहीण आहेस की वैरीण?" — फोन आपटला.

१२ मार्च

दिला! होय. दादाचं नाव, नातं, सगळं लिहिलं.

'गुन्ह्यात तुमचा सहभाग काय?' तिथे मात्र लिहिलं — कुलूप दोघांनी मिळून तोडलं. एवढी एक थाप. राहवलंच नाही. बहीण आहे मी, सरकारी वकील नाही.

दादा साहेबांकडे गेला की नाही, कळलं नाही. फोन उचलत नाही.

२१ मार्च

मुलाखत. चौकशीच्या बाईंनी दादाचा अकरा वर्षांपूर्वीचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. टिक 'होय'वर! खाली त्याचंच वळणदार अक्षर — कुलूप धाकट्या बहिणीने तोडले. मी तिला आवरायला गेलो होतो.

बाई म्हणाल्या, "तुम्ही तर दोघांनी म्हणताय. यातलं खरं कोणतं?"

"दोन्ही खोटं," म्हटलं. "कोरा कागद द्या."