दोन झेंडे, एकच सुई

१२ जून १८६१

वाटणी झाली. जेवणाच्या टेबलावर, कॉफी पिता पिता!

म्हातारे धनी एप्रिलात गेले. आज दोघं मुलगे वकिलासमोर बसले. चांदीचे चमचे निम्मे-निम्मे. घोडे निम्मे-निम्मे. मी थोरल्यांना, लूशन धन्यांना. माझी टेम्पे धाकट्याला, वॉरफील्डला. अकरा वर्षांची पोर! मी तिथेच उभी, हातात कॉफीची किटली. कुणी मान वर करून बघितलं नाही. किटली डोक्यात घालावीशी वाटली.

वॉरफील्ड दक्षिणेच्या फौजेत चाललाय. पाच जुलैला निघणार, टेम्पेला वाटेत मिसिसिपीला बहिणीकडे सोडणार. "तिला पोरं सांभाळायला कुणीतरी हवंच होतं," म्हणाला.

१४ जून

रडले नाही. शिवत बसले.

१६ जून, रविवार

थोरले उत्तरेच्या बाजूचे. देश तुटता कामा नये, असं मूठ आपटून सांगतात. मला वाटलं, दगडापेक्षा वीट मऊ. चर्चमधून आल्यावर पाय धरले. म्हटलं, "धनी, तुम्ही देश तुटू देत नाही, मग माझी लेक का तोडता?"

"केझाया, वेडी की काय तू? हे भांडण तुम्हा लोकांसाठी नाहीये. देशासाठी आहे. आणि वाटणीवर सह्या झाल्यात."

तळपायाची आग मस्तकात गेली! आमच्यासाठी नाही? मग कशासाठी? धाकटा निदान तोंडावर बोलतो — "आमचे गुलाम कोण नेतो, बघतोच!" एक आम्हाला मुठीत धरून देश मोडतोय, दुसरा आम्हाला मुठीत धरूनच देश जोडतोय. वीट कसली, दोन्ही दगडच.

१९ जून

आता दोघांनाही झेंडा हवाय! आमचं केंटकी राज्य म्हणे कुणाच्याच बाजूचं नाही. म्हणून आमच्या गावात सकाळी थोरल्यांची तुकडी कवायत करते, संध्याकाळी धाकट्याची. आणि रेशीम शिवणारी मी एकटी.

म्हाताऱ्या धन्यांच्या बाईसाहेबांचा लग्नातला पांढरा रेशमी परकर कापला. दोन्ही झेंड्यांचे तारे त्यातलेच. बिचाऱ्या बाईसाहेब! बायबलपुरतं म्हणून अक्षर शिकवलं त्यांनी मला. मी आता कपडे बेतायच्या कागदांच्या पाठीवर हे असलं लिहिते, आणि चिंध्यांखाली दडवते.

२३ जून

आयसमकाका मासे घेऊन स्वयंपाकघरात आले. तेही आमच्यासारखे गुलामच, पण बंगल्याला मासे तेच पुरवतात, म्हणून होडी त्यांच्या हाती. नदीपलीकडे ओहायो, तिथे गुलामी नाही.

"नदी उतरलीय बरं का यंदा," म्हणाले. "पण काठावरची गस्त काही हटत नाही. एक तुकडी चौकात, तर दुसरी काठावर." मग माशाचं पोट फाडत, माझ्याकडे न बघता — "दोन्ही एकदम चौकात गेल्या, तर गोष्ट वेगळी."

२५ जून

थोरल्यांना झेंडा येत्या शनिवारी हवा होता. निळ्या रेशमाचा रंग गेला. जाईल नाही तर काय! उकळत्या पाण्यात मीच बुडवलं.

"हात मोडले का गं तुझे?" थोरले ओरडले.

मी मान खाली घातली. "दुसरं रेशीम मिळालं तर चार जुलैपर्यंत, स्वातंत्र्यदिनापर्यंत होईल, धनी. पण धाकटे धनी म्हणत होते, चार जुलैला चौक त्यांचा. तुमची माणसं म्हणे घरी बसतील, बायकांबरोबर वाटाणे सोलत."

काय लाल झाले! "चार जुलै आमचा! चौक आमचा! एकूण एक माणूस उभा करतो तिथे!"

संध्याकाळी धाकट्याला हेच सांगितलं, नावं तेवढी उलटी. काडी टाकायला कितीसा वेळ लागतो? लाकूड वाळलेलंच होतं.

३० जून

दोघं भाऊ आता एका टेबलावर जेवत नाहीत. धाकटा पोर्चमध्ये पिस्तूल पुसत बसलेला. बरं झालं! असं मनात आलं, आणि लाजही वाटली नाही.

टेम्पे विचारते, "आई, मिसिसिपी खूप लांब आहे का गं?" सुई बोटात घुसली.

३ जुलै

झेंडे दिले. दोघं खूश!

धाकटा म्हणाला, "तुझ्या हाताला तोड नाही, केझाया. पोरीला शिकवलंस ना हे सगळं? बहिणीच्या उपयोगी पडेल."

"शिकवलंय, धनी," म्हटलं. मेल्या, तुझ्या बहिणीच्या उपयोगी!

५ जुलै

ओहायोचा काठ. काकाही परत गेले नाहीत. टेम्पे माझ्या मांडीवर झोपलीय.

काल दुपारी गस्तीला काठावर चिटपाखरू नव्हतं. होडी नदीच्या मध्यावर असताना चौकातून गोळी ऐकू आली. एक. मग खूप. काकांनी वल्हं थांबवलं नाही.

"आई, कोण कुणाला मारतंय गं?"

"भाऊ भावाला," मी म्हटलं. "आपल्यावरून. खाली वाक."