खडसाच्या ओठातली नारिंगी लोकर

९ नोव्हें., रवि.

दुपारी सु. आणि मुग्धा, मायलेकी दोघी आडव्या झाल्यावर गळाची छडी घेऊन नदीवर. केनियाहून परतल्यापासून ती माळ्यावरच होती. चहाच्या मळ्यावर हिशेब लिहिण्यात जन्म गेला, पण रविवार सगळे डोंगरावरच्या गार ओढ्यांत ट्राउट माशांमागे गेले. हात विसरत नाही.

देवाच्या डोहाची हद्द म्हणजे तो शेंदूर फासलेला दगड. वर गळ टाकायचा नाही. मी चांगला खाली उभा होतो. लोकर-पिसांची खोटी माशी पाण्यावर टाकली, थोड्या वेळाने ओढ बसली. खडस, हाताएवढा लांब. धरून, बघून सोडूनच देणार होतो, तिकडची पद्धत. पण गडी सरळ वर धावला, दगड ओलांडून डोहात. दोरा तुटला. माशी त्याच्या ओठातच.

हद्दीखाली लागलेला मासा हद्दीवर पळाला तर तो कोणाचा? वाटेत हसलो यावर. घरी आल्यावर हसू गेलं.

१० नोव्हें.

गेल्या वेळी मुग्धाचा गर्भ टिकला नाही. म्हणून यंदा सु. नवस बोललीय, बाळ हातात येईपर्यंत रोज सकाळी डोहातल्या माशांना भात. मुग्धा यावर हसते. मीही हसायचो.

आज सु. डोहावरून परतली. म्हणाली, "अहो, मोठ्याच्या ओठाला नारिंगी कायतरी अडकलंय. भाताला तोंडच लावीत नाही."

"झेंडूची पाकळी असेल."

किती सहज निघालं तोंडातून.

तिकडे गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करायचा नियम. मग सोडलेला मासा गळ आपोआप झटकून टाकतो. किपकोएच, माझ्याबरोबर ओढ्याने चालायचा तो, न दाबलेला गळ दिसला की हातातून काढूनच घ्यायचा. काल मी दाबला होता का? जुन्या माश्यांना इथल्या दमट हवेत कसर लागली, म्हणून दोन नव्या बांधल्या. गळ बंदरावरच्या दुकानातले, लोकर सु.च्या विणकामाच्या पिशवीतली, बोटभर. दाबला असणारच. सवय आहे ती.

१२ नोव्हें.

डबा उघडला. उरलेल्या माशीचा काटा उभा आहे. दाबलेला नाही.

एक दाबेन आणि एक तसाच ठेवेन, असा मी माणूस नाही. म्हणजे तोही...

बघता बघता बोटात रुतला. मागे ओढला तर निघेना. उलटा काटा काय करतो ते आता कळलं. मोरीत उभा राहून काढला, रक्त आलं. मुग्धाने बाहेरून विचारलं, "बाबा, काय झालं?" कुसळ म्हटलं.

माझ्या बोटाला पक्कड आहे. त्याला कोण आहे.

१४ नोव्हें.

मुग्धाला रत्नागिरीत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बी.पी. चढलंय. बाळाची हालचाल कमी वाटते, लक्ष ठेवा, थांबली वाटलं तर लगेच घेऊन या. मुग्धा सारखा पोटावर हात ठेवून. हसणं बंद.

परत येताना रिक्षात सु. हळूच म्हणाली, "तोही खाईना झालाय." मला कळलं कोण.

माशाचा आणि बाळाचा काय संबंध, असं म्हटलं. ठाम आवाजात म्हटलं. मी नास्तिक म्हणवून घेतो, पण नास्तिकाला भीती वाटू नये असं कुठे आहे.

१५ नोव्हें.

दत्ताराम गुरव अंगणात आला. "काका, देवाचा मासा उपाशी हाय. सोमवारी कौल लावतंय. कुनी हात लावला त्ये देवच सांगल."

कौल म्हणजे देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि एकेकाचं नाव घेऊन विचारायचं. उजवीकडची पडली तर होय. त्यांत माझं नाव पहिलंच घेतील. छडी घेऊन हिंडणारा गावात एकच.

घाबरलोय, इथे लिहायला हरकत नाही. बोट दाखवतील याची भीती नव्हे. मुग्धाला अवेळी न्यायची पाळी आली तर गावात रिक्षा एक, दत्तारामच्या भावाची. तो आला नाही तर?

१६ नोव्हें.

दुपारी डोहावर गेलो, एका मुठीत भात, दुसऱ्या हातात पक्कड. बाकीचे मासे धावून आले. तो मागून, सावकाश. ओठ सुजलेला. नारिंगी धागा पाण्यात हलतोय. गुडघाभर पाण्यात उतरून हात खाली नेला. एवढा जवळ आला की पाठ बोटांना लागली, गार. पक्कड उचलली तेवढ्यात तो खाली गेला. बराच वेळ उभा राहिलो. ट्राउटसाठी असा तासन्‌तास उभा राहायचो, मजेने.

संध्याकाळी सु. पडवीत बाळाचं टोपडं उसवत बसली होती. नारिंगी. पुरं होत आलेलं, फक्त बंद लावायचे राहिले होते.

वर न बघता म्हणाली, "ती लोकर माझीच ना?"

हो म्हटलं.

"बाळाच्या डोक्यावर जायची होती."

ती उसवत राहिली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मग म्हणाली, "उद्या कौलाच्या आधी उभे राहा. देवाला पाकळी पाडायला लावू नका."

१७ नोव्हें., सोम.

देवळाकडचा ढोल ऐकू येतोय. सदरा घातला. आधी कबूल करायचं, मग म्हणायचं, चार माणसं जाळं घेऊन उतरा, मासा धरा, गळ मी काढतो. देवाच्या डोहात जाळं. ऐकतील का, माहीत नाही. मारतीलही.

सु.ने पक्कड रुमालात गुंडाळून दिली. पांढऱ्या लोकरीचे टाके सुईवर घातलेत तिने, पहिल्यापासून.

मुग्धा कॉटवर कुशीवर पडलेली. मला बघून म्हणाली, "बाबा, तो खायला लागला का?"

"बघून येतो."

बाळ सकाळपासून हललं का, हे मला विचारायचं होतं. धीर झाला नाही. निघतो.