रिकाम्या लाँचमधली ब्याऐंशी माणसं

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

गणपतीनंतर इथे एक अक्षर लिहिलं नाही. चुकलंच. आज लिहितेय तेही रागाने.

रेवसच्या लाँचची तिकिटं दिवाळीपासून आमच्या प्रोग्रामवर निघतात. ऐंशी माणसं झाली की तिकीट बंद! मीच लिहिलाय तो. आता ऑफिसातला शारिक त्यात परतीची फेरी जोडतोय आणि त्याची एकच टेस्ट, म्हणजे प्रोग्राम तपासायचा छोटा प्रोग्राम, रोज नापास. काय तपासते? तर रिकाम्या लाँचमध्ये शून्य माणसं असावीत. एवढंसं! ती कधी शून्य दाखवते, कधी दोन, कधी ब्याऐंशी.

"ताई, लाँचमध्ये भुतं बसलीयत," शारिक म्हणाला. सगळं ऑफिस हसलं. मला नाही आलं हसू. माझी एकही टेस्ट आजवर नापास झालेली नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

परत ब्याऐंशी!

मितेशचं म्हणणं — "परत रन कर ना यार, पास होते ती." ऑफिस त्याचं, घाईही त्याचीच. शारिक ऐकेना. "पास होते मितेशभाई, पण का होते?"

हा मुद्दाम माझ्याकडे बघून बोलला का?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

मितेशने केबिनमध्ये बोलावलं. "किशोरी, खरं सांग, गडबड कुणाची आहे?"

म्हटलं, "माझ्या सगळ्या पास आहेत. त्याची नापास आहे."

यात एक शब्द खोटा नाही. मग दिवसभर पुन्हा पुन्हा मनात का तपासतेय तो?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

शारिकला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं. मितेशने. माझ्या शब्दावर.

टेबल आवरताना तो माझ्याजवळ आला. "ताई, एकदा एकेक टेस्ट वेगळी चालवून बघा. माझ्या नको. तुमच्या."

उद्धट! थळला घरी पोचेपर्यंत रिक्षात धुमसत होते. माझ्या? वीस वर्षं हेच काम करतेय मी! जेवताना वाटलं, तो उद्धट बोलला म्हणून राग आलाय, की मी तसं कधी करून बघितलं नाही म्हणून?

शनिवार, ८ नोव्हेंबर, दुपार

बघायला बसले. आधी त्याचीच टेस्ट.

टेस्टसाठीचा डेटाबेस फक्त मेमरीत असतो, डिस्कवर काही राहत नाही. म्हणून मी धरून चालले की प्रत्येक टेस्ट संपली की तोही पुसला जातो. नाही! सगळ्या टेस्ट संपेपर्यंत तो त्याच्या नावाने तसाच जिवंत राहतो. आणि नाव? पहिल्या टेस्टमध्ये मी 'रेवस' ठेवलं आणि पुढे प्रत्येक टेस्टला तेच चिकटवत गेले. शारिकनेही माझं बघून तेच ठेवलं. म्हणजे सगळ्यांचा डेटाबेस एकच. माझ्या टेस्टमध्ये बसवलेली माणसं उतरलीच नव्हती. तीच त्याची भुतं. माझ्या टेस्ट ठरल्या क्रमाने चालतात, त्याची मात्र कधी त्यांच्या आधी, कधी मधे, कधी नंतर; म्हणून आकडा रोज वेगळा.

त्याच्या टेस्टला वेगळ्या नावाचा नवा डेटाबेस दिला. वीसदा चालवली. वीसदा शून्य.

मूर्ख मी! आणि घरी बसला तो!

लगेच फोन लावला. चूक माझी होती, मितेशलाही सांगते, असं म्हटलं. तो म्हणाला, "सांगा. पण ताई, तुमच्या टेस्ट अजून वेगळ्या केल्या नाहीत ना?"

शनिवार, संध्याकाळ

केल्या. प्रत्येकीला स्वतःचा डेटाबेस.

'लाँच भरली की तिकीट बंद' — ही माझी सगळ्यात जुनी टेस्ट. नापास.

त्यात मी आधी पोरांची दोन हाफ तिकिटं काढते, मग अठ्ठ्याहत्तर फुल. ऐंशी झाले. पुढचं तिकीट नाकारलं पाहिजे. प्रोग्रामने दिलं! तिकीट बंद करताना तो हाफ तिकिटं मोजतच नाही. मी मोजायला सांगितलंच नव्हतं. आजवर ती पास व्हायची, कारण तिच्या आधीच्या टेस्टमधली दोन फुल तिकिटवाली माणसं आत बसून होती. फुलचे ऐंशी त्यांच्यामुळे भरायचे.

ब्याऐंशी. ऐंशीच्या लाँचमध्ये ब्याऐंशी! आठवडाभर हा आकडा समोर होता आणि मी शारिकवर चिडत होते.

मितेशला फोन केला. दोन्ही सांगितलं. "शारिकचं बघतो. बाकी सोमवारी बघू. हाफ तिकिटं असतात किती अशी?"

उद्या रविवार आहे! अर्धी लाँच पोरांचीच असते! ओरडले त्याच्यावर. त्याने फोन ठेवला. आणि दुरुस्त प्रोग्राम खिडकीवर चढवायचा पासवर्ड त्याच्याकडेच!

परत शारिकला लावला. त्याचे मामू त्याच लाँचवर तांडेल आहेत, लाँच तेच चालवतात. "लाइफ जॅकेट हाफलापण लागतं ताई," एवढंच म्हणाला. "मामूंना मी सांगतो. पण तिकिटाच्या खिडकीवर माझं कोण ऐकणार? मला काढलंय ना."

उद्या: पहिल्या लाँचच्या आधी रेवसला खिडकीशी उभं राहून माणसं स्वतः मोजणे — मांडीवरची पोरंही धरून.