पूजेतली पुस्तकं

देवास
६ ऑक्टोबर २०२५, कोजागिरी

ती. माधवीवहिनींस,

सुमंगलाचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. तिकडचं तुम्ही कळवत नाही, तेव्हा ठीकच असणार असं धरून चालते. फोन केला की "गॅसवर दूध आहे" म्हणून तुम्ही ठेवून देता. एकट्या बाईच्या घरी इतकं दूध कोण पितं, देव जाणे. म्हणून हे पत्र.

तुमच्या शेजारच्या खंडोजींनी दादाच्या पुस्तकांची खोकी सुखरूप आणून दिली. "मांडा, पण कुणाला नेऊ देऊ नका," हा तुमचा निरोपही दिला. घटस्थापनेच्या आधी आम्ही वाचनालयात दाराशीच मोठं टेबल लावून ती मांडली. वर पाटी केली, 'घरात मोठ्याने वाचायची पुस्तकं'. इथल्या मुलांना मराठी कळतं, बोलतातही हिंदीत कालवून, पण वाचायला बसवलं की अडखळतात. आजी-आजोबांनी पुस्तक घरी न्यावं आणि वाचून दाखवावं, अशी माझी कल्पना. दादा वाचायचा तसं. मराठीचं कपाट हलवून तिथे परीक्षांची पुस्तकं ठेवायचा समितीचा विचार चालला आहे, त्यालाही थोडा आळा बसेल असं वाटलं.

मदतीला एक मुलगी होती. तिचा हात चांगला आहे. तिने मागे काळा कागद लावून त्यावर खडूने एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली, आपण दसऱ्याला पाटीवर काढतो ना, तीच. टेबलाच्या कडेने झेंडूची माळ सोडली. पुस्तकांवर कुंकू होतंच. मी लांबून पाहिलं आणि मलाच बरं वाटलं.

मग जे झालं ते ऐका. नवरात्रात टेकडीवरून देवीचं दर्शन घेऊन उतरणारी माणसं आत यायची, चपला दाराशी काढायची, टेबलाला हात जोडायची आणि चालू पडायची. कुणी फूल ठेवी, कुणी अक्षता. एका बाईंनी नारळ ठेवला. आमच्या सफाईवाल्या गुड्डीने तो फोडून सगळ्यांना वाटला, त्या दिवशी वाचकांची हजेरी बघण्यासारखी होती. पण पुस्तक एकानेही नेलं नाही. तुमची अट फक्त दादाच्या पुस्तकांना होती, आमची वाचनालयाचीही होती त्यांत मिसळलेली, त्यांनाही कुणी शिवलं नाही.

शेवटी जुन्या मिलमधले मारुतीराव आहेत, त्यांना मी म्हटलं, काका, न्या की एखादं नातवासाठी. ते दोन पावलं मागे सरले. "अरे बाई, ये तो पूजा में रखी हैं ना. पूजेतल्या पुस्तकाला हात कसा लावायचा? आधी पूजा तर हलवा." मला हसू आलं, पण पुढे त्यांना आग्रह करवला नाही.

कारण खरं आहे ते. आपल्याकडे दसऱ्याला पुस्तकं पूजेला मांडली की त्या दिवशी उघडायची नाहीत. दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यात लहानाने एक उचलायचं, एक पान मोठ्याने वाचायचं, मग पूजा हलली. दादा गेला त्या वर्षी दुसऱ्या दिवशी ते वाचायला घरी कुणी नव्हतं. आपण सगळे इस्पितळाच्या जिन्यात बसलो होतो. ती पुस्तकं तशीच कपाटात गेली, कुंकवासकट, आणि तशीच देवासला आली. ती पूजा अजून हललेली नाही, वहिनी.

मदतीला असलेली मुलगी कोण, हे तुम्ही कधीच ओळखलं असेल. पान उलटू नका. तिचं नाव काढलं की तुम्ही फोन ठेवता, आणि मीही दोन वर्षं काढायचं सोडलं, हे काही बरं केलं नाही. अनन्या बरी आहे. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जेवते. बोलते कमी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, घरातली सगळ्यात लहान तूच, एक पान वाच आणि मोकळी कर ती पुस्तकं. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. "नाही आत्या. आई देईल तर."

तर तुम्ही या. शनिवारी वाचनालय दुपारपर्यंत उघडं असतं. तिच्याशी बोलायचं नसेल तर नका बोलू. नुसतं पुस्तक हातात द्या. ती पुस्तकं तुमच्या घरची आहेत आणि पोरगीही.

तुमची,
सुमंगला


देवास
१३ ऑक्टोबर २०२५

ती. वहिनींस,

नमस्कार. इंदूरला धारची बस लगेच मिळाली, असं खंडोजींकडून कळलं. तुम्ही आलात, याचे आभार मानले तर तुम्हाला आवडणार नाही, म्हणून मानत नाही.

तुम्ही पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाहीत, पाणी घेतलं नाहीत, तिच्याकडे पाहिलंही नाहीत. पण उठून पुस्तक तुम्हीच निवडलंत आणि पुढे केलंत. ते दादा पावसाळ्यात वाचायचा ते, हे तिला आणि मला दोघींना कळलं. तिची पहिली ओळ तुम्ही ऐकलीत. दुसरीला ती अडखळली, आणि तुम्ही "बस चुकेल" म्हणून निघालात. बस चुकणार नव्हती. मी रागावले नाही, पण मला तुम्हाला थांबवावंसं फार वाटलं, आणि मी थांबवलं नाही.

तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुम्हाला कळायला हवं. तुम्हाला जिन्याखाली सोडून मी परत आले तेव्हा तिने दाराकडे बघितलं. मला वाटलं, आता पुस्तक ठेवून देईल. पण ती तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून वाचत राहिली, हिंदी शाळेतल्या पोरी वाचतात तसं, एकेक अक्षर लावून. विनोदी पान होतं. जिथे दादा आवाज बदलायचा तिथे तिनेही बदलला. मारुतीराव हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की हसू नये. पान संपल्यावर तिने पुस्तक मिटलं, कुंकू ओढणीच्या टोकाने पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं. "न्या आजोबा. मोठ्याने वाचा हं." मी ते नोंदवून दिलं. तुमची अट मोडली. त्या दिवशी टेबलावरची निम्मी पुस्तकं गेली, दादाचीही गेली.

आता एक लिहिते, जे आपण दोघी कधी बोललो नाही. गाडी अनन्या चालवत होती. मांडूच्या घाटात वळणावर गुरं आडवी आली आणि तिला गाडी सावरता आली नाही. पण त्या सकाळी नव्या स्कूटरला हार घालून, "आज माझी लेक मला मांडूला नेणार," असं साऱ्या गल्लीला सांगणारा माझा भाऊच होता. ती नको म्हणत होती, ते मी फोनवर ऐकलं होतं. तरीही पहिले सहा महिने मीसुद्धा तिच्या ताटात वाढताना तिच्या तोंडाकडे बघत नसे. माझाही भाऊ गेला हो, वहिनी. माझा राग कधी निवला ते मला सांगता येणार नाही. ती घरात होती, रोज समोर होती, एवढंच. तुमच्या समोर ती नव्हती. "तिला माझ्यासमोर आणू नका," म्हणालात आणि आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. ऐकायला नको होतं.

शनिवारी संध्याकाळी ती पोळ्या लाटत होती. माझ्याकडे पाठ करूनच तिने विचारलं, "आई काही म्हणाली का?"

तुम्ही काहीच म्हणाला नव्हता. जिना उतरताना मीच बोलत होते, तुम्ही नुसता कठडा धरून उतरत होता.

मी म्हटलं, हो.

"काय म्हणाली?"

"दिवाळीला घरी ये म्हणाली."

लाटणं थांबलं. "आईच्या शब्दांत सांग ना. कसं म्हणाली?" वहिनी, पंचवीस वर्षं ऐकतेय मी तुम्हाला. मी तुमच्यासारखंच म्हटलं, "तिला म्हणावं ये दिवाळीला, आणि ते केस जरा बांधून ये, झिपऱ्या सोडून येऊ नकोस." ती हसली. मग तव्यावरची पोळी जळेपर्यंत तिथेच ओट्याला टेकून रडली. दोन वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, तिने स्वतःला परवानगीच दिली नव्हती त्याची.

तेव्हापासून ती तयारीला लागली आहे. तुम्हाला आवडतात म्हणून शंकरपाळे केले, पहिला घाणा फसला म्हणून पुन्हा केले. तुमची चादर कुठल्या रंगाची आहे, देवघर अजून त्याच भिंतीला आहे का, असलं काहीबाही विचारते. काल केस कापून आली.

शनिवारी, धनत्रयोदशीला, ती सकाळच्या बसने निघेल आणि दुपारपर्यंत धारला पोचेल. मी बरोबर येणार नाही. मी आले तर तुम्ही माझ्याशी बोलाल आणि तिला स्वयंपाकघरात बसवाल.

खोटं मी बोलले, त्याचं पाप माझ्या माथी. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर शुक्रवारपर्यंत मला फोन करा. काय सांगायचं ते मी तिला सांगेन, तुमच्या शब्दांत नाही, माझ्या. पण फोन आला नाही तर मी तिला बसमध्ये बसवून देणार आहे. ती तुमच्या दारात उभी राहील आणि तिला वाटत असेल की तिला बोलावलंय.

तुमच्या तोंडून न निघालेलं वाक्य तुमच्या लेकीला देऊन बसलेली,
सुमंगला