ओलेतीला नाव विचारत नाहीत

छत्रपती संभाजीनगर,
बुधवार, दुपार

प्रिय वन्सं,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्ही आधी देवापुढं दिवा लावला असेल, हे मला इथं बसून दिसतंय. कुणाला काही झालेलं नाही. फोनच करणार होते, पण तुमच्या सूनबाई तुम्हाला नीट ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर टाकतात आणि मग नांदेडची अर्धी गल्ली आपलं बोलणं ऐकते. इकडं तुमचा भाऊ, तुमचा केशव, माझ्या शेजारीच बसलेला असतो. मला जे सांगायचंय ते या दोघांपैकी कुणीही ऐकायला नको. खरं तर काय सांगायचंय तेच अजून धड कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळेल म्हणून कागद घेतला.

आधी तुमच्या भावाची खुशाली. श्रावणात छातीत दुखून दवाखान्यात राहावं लागलं, तेव्हा तुम्ही येऊन गेलात. त्यानंतर आमच्या चिन्मयनं आम्हा आईबापांना पैठणला परत जाऊच दिलं नाही. मला वाटलं, हा माणूस महिनाभरही टिकणार नाही. जन्म आपल्या गोदागंगेच्या काठावर गेला, नोकरी गल्लीच्या टोकाच्या शाळेत, सकाळ-संध्याकाळ घाटावर चक्कर. "मला इथनं चार खांद्यांवरच न्या" असं लग्नातच ऐकवणारा माणूस. आणि आता? लिफ्टनं खाली जातात, लिफ्टनं वर येतात, उगीच परत एकदा जातात. बागेत मित्र जमवलेत. परवा म्हणाले, "पैठणला डास किती होते गं!" वन्सं, गंगेवरनं इतकं सहज मन काढता येतं होय?

आणि घोडं अडलंय माझं. म्हणजे बघा, माझं माहेर गुलमंडीचं. लग्न होऊन पैठणला आले तेव्हा मी शहरासाठी किती रडले, याच्या तुम्ही साक्षीदार आहात. चेष्टाही तुम्हीच केलीत. नोकरी शहरातच होती, त्यामुळं पहिल्या एसटीनं निघायचं आणि दिवे लागल्यावर परत. उभा जन्म अपडाऊनमध्ये गेला. बिडकीन, चितेगाव, खणलेला रस्ता, खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा. दरवर्षी मी यांच्यामागं लागायची, शहरात दोन खोल्या घेऊ म्हणून. आणि आता त्याच शहरात तिसऱ्या मजल्यावर, ऊन येणारी खोली, दाराशी रिक्षा, माहेर जवळ, सून गुणाची. तरी मला करमत नाही. कुणाला सांगितलं तर हसतील. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना असंही नाही. इथं तर सगळेच वाढायला बसलेत आणि मीच उपाशी.

तुम्ही म्हणाल, घराची सवय. पण सवय कसली? त्या घरात मी झोपायला जायची. दिवसाउजेडी आपली ओसरी कशी दिसते हे मी फक्त रविवारी बघितलं, आणि रविवारी कपडे धुवायचे असायचे. मार्चमध्ये निवृत्त झाले तेव्हा ठरवलं होतं, आता दुपारभर ओसरीत बसायचं आणि गंगा बघायची. उन्हाळ्यात तिच्यात पाणी कमी आणि शेवाळंच जास्त, तरीही. चार-पाच महिने बसले. तेवढ्यात श्रावण आला.

ओसरीवरून आठवलं. इथं आमच्या सुनेला, सावनीला, मी आपली रीत सांगितली तर तिला वाटलं मी गंमत करतेय. घाटावरून बुडी मारून आलेली कुठलीही बाई विचारल्याशिवाय आपल्या ओसरीत शिरते, पडदा ओढते, लुगडं बदलते, पिळा करून निघून जाते, आणि आपण तिला नावगाव काही विचारायचं नाही. तिनं विचारलं, "आणि चोरी झाली तर?" तीस वर्षांपूर्वी मीही तुमच्या आईंना हेच विचारलं होतं. आई म्हणाल्या, "ओलेती काय चोरणार? तिला आधी कोरडं होऊ दे." कुणी अस्थी घेऊन आलेली असली तर तिला चहा द्यायचा, तोही न बोलता. जाताना कुणी कोनाड्यात चिमूटभर तांदूळ ठेवायची, कुणी खोबऱ्याचा तुकडा, कुणी काहीच नाही. मला याचा भारी संताप यायचा. पहाटे डबा घेऊन निघताना ओल्या पायांच्या ठशांतून उड्या मारत जायचं म्हणजे काय!

ती कडी आठवते ना? चिन्मय दहावीला होता, त्याच्या वह्यांवर कुणाचं तरी लुगडं निथळलं आणि मी ओसरीच्या दाराला आतून कडी बसवून घेतली. नेमकी सर्वपित्री आली, मामंजींच्या श्राद्धाला तुम्ही आलात, आणि मी हापिसातून येऊन बघते तर कडी गायब. पेचकसानं उपटून तुम्ही ती गंगेत टाकलेली. भांडण म्हणजे काय भांडण झालं! "हे घर तुझ्याआधी माझं आहे" असं म्हणालात. मी दिवाळीपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. वन्सं, मी तेव्हा बरोबर होते असं मला आजही वाटतं. पोराच्या परीक्षेपुढं रीत कसली? पण कडी मी परत बसवली नाही. चार भोकं अजून तशीच आहेत दाराला. का नाही बसवली, ते विचारू नका, मलाही माहीत नाही.

आता इथली गोष्ट ऐका. इथं नळाला रोज पाणी नाही. येतं ते आपल्याच नाथसागरातलं. पैठणचं पाणी माझ्याआधी शहरात राहायला आलंय, पण त्यालाही इथं रोज यावंसं वाटत नाही. मधल्या दिवसांत टँकर. मागच्या आठवड्यात टँकरचा पाइप निसटला आणि जिना झाडणाऱ्या सुगंधाबाई नखशिखांत भिजल्या. थंडीचे दिवस, बाई काकडत जिन्यात उभी. मी काय केलं असेल? दार उघडंच होतं, मला लावायचं सुचतच नाही. हाताला धरून त्यांना आत आणलं, माझं पातळ दिलं, दिवाणखान्याचा पडदा ओढला आणि बाहेर पाठ करून उभी राहिले. त्याच खोलीच्या कोपऱ्यात चिन्मयची मीटिंग चालू होती, हे ध्यानातच राहिलं नाही. कंपनीच्या साहेबांना त्याच्या पाठीमागं पाण्यानं निथळणाऱ्या सुगंधाबाई दिसल्या. पोरानं लॅपटॉप असा मिटला की मला वाटलं मोडला.

चहा पिताना सुगंधाबाई म्हणाल्या, "तुमी पैठणच्या का वो बाई? सासूच्या दहाव्याला गेलो व्हतो आमी. गंगंवर एका घरात असंच लुगडं बदललं. लई थंडी व्हती. चहा बी दिला एका बाईनं, पर नाव नाय इचारलं." आपलंच घर असेल असं नाही, गल्लीत अशी तीन-चार घरं आहेत. मी विचारलं नाही. पण त्या गेल्यावर मला जे रडू फुटलं ते आवरेना. तुमचा केशव घाबरून रक्तदाबाची गोळी शोधायला लागला.

त्या संध्याकाळी सावनी अगदी गोड शब्दांत म्हणाली, "आई, दार लावून घेत जा हं." आणि जेवताना चिन्मयनं पैठणच्या घराचा विषय काढला. करमाडकडचे एक जण घ्यायला तयार आहेत. तिथं लॉज बांधणार, खाली यात्रेकरूंसाठी कपडे बदलायच्या खोल्या, टोकन घेऊन. हे ऐकून तुमच्या भावाचा चेहरा उजळला, "म्हणजे आपली रीत चालूच राहिली की!" वन्सं, हा माणूस भोळा आहे की मला बनवतोय, हे इतक्या वर्षांत मला समजलेलं नाही. चिन्मयनं मला विचारलं, "आई, तुला काय वाटतं?" चांगलं तीनदा विचारलं हो पोरानं. आणि मी म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

कारण त्याचं चुकतंय काय? बापाला रात्री काही झालं तर पैठणहून दवाखाना गाठेपर्यंत काय होईल, या विचारानं मलाही घाम फुटतो. मोठ्या पुरात ओसरीत गुडघाभर पाणी होतं, तेव्हापासून धरणाचा भोंगा वाजला की मी आधी गाद्या माळ्यावर टाकायची. तिकडं एकटी जाऊन राहीन म्हणावं तर यांना कुणाच्या भरवशावर सोडू? यांना नेऊ म्हणावं तर यांना यायचंच नाही. विकू नका म्हणावं तर रिकामं घर ठेवून करणार काय? कडी नसलेलं घर म्हणजे कुत्र्या-मांजरांचं. रोज सकाळी वाटतं, विकून टाका एकदाचं. दुपारी नळाला पाणी आलं की ओंजळ भरून वास घेते, औषधाचाच येतो, आणि वाटतं, नाही, नको. माझं मला समजेनासं झालंय.

आता मुद्द्याचं. घर अजून मामंजींच्या नावावर आहे. म्हणजे कागदावर तुम्ही दोघं भावंडं. मी जन्म काढला तरी माझी सही कुणाला लागत नाही. यांनी केली. येत्याच्या पुढच्या रविवारी चिन्मय गुलमंडीवरची इम्रती घेऊन तुमच्याकडं येईल, पाया पडेल आणि कागद पुढं करेल. वन्सं, सही करू नका. माझं नाव सांगू नका. तुमचंच म्हणून सांगा, नेहमीसारखं ताड्‌दिशी. "हे घर तुझ्या आईच्या आधी माझं आहे" म्हणा. सगळे म्हणतील, म्हातारी हट्टी आहे. म्हणू द्यात, तुम्हाला त्याची सवय आहे, मला नाही. कायमचं नको म्हणत नाही मी, माझं मन थाऱ्यावर येईपर्यंत तरी. एवढी वर्षं भांडले तुमच्याशी, आणि आज मागायला तुमच्याच दारात आलेय, अंगावरचं पाणी निथळत. का, ते विचारू नका. आत घ्या.

तुमचीच,
कालिंदी