उलटे वळणारे रेणू

ती. आईस,

इथूनच वाकून नमस्कार. खुर्चीत बसून बसून पाठ धरली आहे, म्हणून अर्धाच मानून घे.

मी मजेत आहे, दोन्ही वेळा जेवते. आणि शेजारच्या काकूंना सांग, मी टीव्ही दुरुस्त करत नाही! टीव्हीच्या पडद्यात द्रवासारखे वाहणारे स्फटिक असतात. वीज दिली की त्यांचे रेणू ताडकन उभे राहतात आणि काढली की सावकाश आडवे होतात, अगदी रविवारी जेवल्यावर बाबा होतात तसे. ते चटकन आडवे झाले तर चित्र झटपट बदलेल. त्याचं गणित मी मांडते.

त्यात एक गोची झाली. वीज काढली की मधले रेणू आडवे व्हायच्या आधी क्षणभर उलटेच वळायचे. तीन आठवडे मी चुकलेलं वजाचिन्ह शोधत होते, तांदळातला खडा शोधावा तसं. शेवटी आमच्या सरांना दाखवलं, तर ते हसायलाच लागले. "चूक नाहीच ही. ते खरंच आधी उलटे वळतात, मग जागेवर येतात."

काल फोनवर बाबा म्हणाले, "गुडघ्याचं ऑपरेशन किरकोळ आहे. तू मुळीच येऊ नकोस." हे दोनदा म्हणाले आणि तुला न देताच फोन ठेवून दिला. जिना चढतात का गं ते?

राहू दे, सांगू नकोस. या वेळी मी तीन आठवडे वजाचिन्ह शोधत बसणार नाही. मंगळवारचं तिकीट काढलंय. बाबांजवळ मात्र बोलू नकोस, नाहीतर पुन्हा उलटे वळतील.

तुझीच,
ठमी