रत्नम्माच्या रेडिओचा काटा

नांदेड,
८ जानेवारी २०१९

ती. बसलिंगप्पा अण्णा यांना शरणप्पाचे शरणु शरणार्थी.

तुमच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडल्याचे कळले, समाधान वाटले. वहिनींचे गुडघे या थंडीत कसे आहेत? डॉक्टरांनी महिनाभर वाचायला मनाई केली आहे, तेव्हा हे पत्र तुम्हाला सूनबाई मंजुश्रीच वाचून दाखवत असणार. तुमचा डावा कान गेल्यापासून ती किती मोठ्याने वाचते हे मी दिवाळीत ऐकले आहे. आडत बाजारात पोती उतरवणारे हमालसुद्धा थांबून ऐकत होते. म्हणून तिला एक विनंती आहे. कंसात लिहिलेले तिने मनातल्या मनात वाचावे. (मंजुश्री, हा पहिला कंस. इथून सुरुवात.)

लिहिण्याचे कारण रेडिओ. दिवाळीनंतर तुम्ही फोनवर म्हणालात, रत्नीचा रेडिओ मला लागतो, तिच्या पुण्यस्मरणाला येईन तेव्हा घेऊन जाईन. मी हो म्हणालो. तुम्हाला ऐकू गेले नाही म्हणून पुन्हा दोन वेळा ओरडून हो म्हणालो, त्यामुळे मी फार आनंदाने देतो आहे असा तुमचा समज झाला असेल. (ज्यांना माझा होकार ऐकू येत नाही त्यांना रेडिओ कशाला, असे मनात आले होते. पण ते तिचे थोरले भाऊ आहेत.)

हा रेडिओ रुद्रेशने लातूरला क्लासमध्ये शिकवायला लागल्यावर आईसाठी आणला होता. तेव्हा त्याच्या अंगावर रबराचा काळा मऊ थर होता, हाताला मखमलीसारखा लागायचा. दहा-बारा वर्षांत ती मखमल पाघळली. गुळाच्या ढेपेला हात लागावा तसे व्हायला लागले. उचलला की खालचा पेपर सोबत यायचा. रत्नम्मा त्याला कानडीत अंटु म्हणायची, म्हणजे चिकट. (कधीकधी मलाही म्हणायची. मी जुने बनियन टाकू देत नसे.) स्टेशन बदलायच्या चाकालाही तोच थर होता, तेही अंगाला चिकटून बसले आणि काटा तिच्या गुलबर्गा केंद्रावर कायमचा थांबला. तिला दुसरे स्टेशन नकोच होते. त्यामुळे कोणी तक्रार केली नाही.

गुलबर्गाच का, हे तुम्हाला सांगायला नको, पण मंजुश्री तेव्हा पाळण्यात होती म्हणून सांगतो. त्र्याण्णवच्या भूकंपात इथे आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये फळीवरची भांडी पडली, तेवढेच आमचे नुकसान. पण किल्लारीकडचे ऐकू यायला लागले आणि उदगीरला काही केल्या फोन लागेना. ती जुना मोठा रेडिओ पुढे घेऊन गुलबर्ग्याच्या कानडी बातम्या ऐकत बसली. दिवसभर जेवली नाही. ज्या गावाचे नाव यायचे ते ऐकून मान खाली घालायची. संध्याकाळी उठली आणि मला म्हणाली, "उदगीरचं नाव घेतलं न्हाई. म्हणजे अण्णा बरा हाय."

चौथ्या दिवशी तुम्ही स्वतः दारात उभे राहिलात. तिला आश्चर्य वाटले नाही याचा तुम्हाला राग आला होता. एवढा जीव मुठीत धरून आलो आणि ही म्हणते मला ठाऊक होतं, असे तुम्ही मला ओसरीवर ऐकवलेत. तेव्हापासून तिचा नेम झाला. संध्याकाळच्या बातम्या लावायच्या, उदगीरचे नाव आले नाही की बंद करून भाकरी टाकायला उठायचे. मला कानडीतले ऊटा, बा आणि साकु, म्हणजे जेवण, ये आणि पुरे, एवढेच कळते. पण तिच्या उठण्यावरून तुमची खुशाली कळायची. ती गेल्यावर तो नेम मी चालवतो. भाकऱ्या टाकता येत नाहीत, पण उठतो.

तेव्हा अडचण तुमच्या ध्यानात आली असेल. रेडिओ साफ करायला हवा होता, आणि काटा हलायला नको होता. काटा हलला असता तर ते स्टेशन मला पुन्हा सापडले नसते. आणि साफ न करता दिला असता तर पुण्यस्मरणाला जमलेल्या मंडळींसमोर तो तुमच्या पांढऱ्या सदऱ्याला चिकटला असता.

आधी ओल्या पंचाने पुसला. थर निघाला नाही, उलट पंचाचे धागे त्याने घेतले. रेडिओला दाढी आली. मग कोणीतरी खोबरेल सांगितले. त्याने थर आणखी सैल झाला आणि रेडिओ हातातून निसटून गादीवर पडला. दर वेळी मी आधी काटा बघत होतो आणि मग श्वास सोडत होतो. चाकावर चिकटपट्टीही लावली होती. तिची गरज नव्हती, चाक स्वतःच चिकटपट्टी होते, पण जिवाला तेवढेच बरे.

मग देवघरातले भस्म आठवले. भस्म ओल धरते. तीन बोटे बुडवली आणि सवयीने आडवी ओढली. रेडिओच्या कपाळावर तीन रेघा उठल्या, आणि अण्णा, चिकटपणा गेला. सगळ्या अंगाला फासले आणि देवघराच्या कट्ट्यावर ठेवला. तेवढ्यात मठातले अय्या पुण्यस्मरणाचे विचारायला आले. त्यांनी रेडिओकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि काही न विचारता परडीतले एक बेलपान त्याच्यावर ठेवले. दुःखाच्या घरात कोणी काही विचारत नाही, ही फार मोठी अडचण आहे. दोन दिवसांनी समोरच्या होस्टेलमधल्या नीटची तयारी करणाऱ्या दोन मुली टेस्टला जाताना रेडिओच्या पाया पडून गेल्या. (एकीला बरे मार्क पडले. हे अण्णांना कळू देऊ नकोस, ते पुढच्या वेळी नातवाला घेऊन येतील.) पुढे रबराने भस्मही पिऊन टाकले. काळ्याचा राखाडी झाला आणि पुन्हा चिकटला.

शेवटी रुद्रेशला फोन केला. तो लातूरला केमिस्ट्री शिकवतो, त्याला दोन बॅचच्या मधेच गाठावे लागते. त्याने मला चार पर्याय दिले आणि त्यातला बरोबर कोणता ते विचारले. मग त्यानेच सांगितले की हवेतला ओलावा त्या थराला आतून फोडतो, तो पुसून जात नाही, स्पिरिटने उतरवावा लागतो. नेलपॉलिश काढायचे औषध चुकूनही लावू नका, प्लास्टिक विरघळते, असेही म्हणाला. ते मी आदल्या दिवशीच होस्टेलच्या मुलींकडून मागून आणून लावले होते, हे मी त्याला सांगितले नाही. मागच्या बाजूला माझा अंगठा उमटलेला आहे, तो आता निघणार नाही.

मेडिकलमध्ये जाऊन स्पिरिटची मोठी बाटली मागितली. दुकानदाराने विचारले, काका, कशाला? मी खरे ते सांगितले, रेडिओ पुसायला. त्याने बाटली परत कपाटात ठेवली. (बायको गेलेल्या माणसाबद्दल लोक काय समजतात ते तेव्हा कळले.) मग शेजारच्या लक्ष्मीबाईंना पाठवले. त्या धर्माबादकडच्या, मनाने चांगल्या, पण संशयी. बाटली दिली आणि मी फडके भिजवेपर्यंत दारातून हलल्या नाहीत.

स्पिरिटने मात्र काम केले. तव्याची काजळी निघावी तसा थर निघायला लागला आणि खालचे साधे प्लास्टिक दिसायला लागले. वरची बाजू झाली, मागची झाली, कडा राहिल्या. चाकाजवळ मी कापूस काडीला गुंडाळून फार हळू काम करत होतो. चिकटपट्टी स्पिरिटने कधी सुटली ते कळले नाही. काडी कमी पडते म्हणून फडके घेतले, आणि इतकी वर्षे न हललेले चाक फडक्याखाली एकदम मोकळे झाले आणि फिरले. मी हात काढला नाही. हात काढला नाही तोवर काही झालेले नाही, असे वाटत होते. मग काढला. काटा दुसऱ्या टोकाला गेला होता. आकडे बघावेत तर आकडेही त्या थरावरच छापलेले होते, ते फडक्यावर आले होते.

काटा आधी जिथे होता असे वाटले तिथे नेला. नुसती खरखर. थोडा अलीकडे, थोडा पलीकडे. कुठे हिंदी गाणी, कुठे मराठीत तुरीचा भाव. दोन संध्याकाळी बातम्यांची वेळ तशीच गेली. तुमच्याकडे सगळे ठीक आहे की नाही ते कळेना. फोन करता आला असता हे खरे, पण फोनवर तुम्ही नेहमीच बरा हाय म्हणता, बरे नसले तरी.

तिसऱ्या दिवशी सापडले. एक बाई बोलत होत्या. रत्नम्मा माहेरच्या माणसांशी बोलायची तेव्हा शब्दांची शेपटे अशीच उकाराकडे वळायची. मी चाकावरचा हात उचलून बाजूला ठेवला आणि बसलो. काल एक गृहस्थ बराच वेळ फार शांत आवाजात बोलले, संतांचे वचन असावे. कळले काही नाही, पण डोळे पुसावे लागले. नंतर बातम्या झाल्या. उदगीरचे नाव घेतले नाही. म्हणजे तुम्ही बरे आहात.

तेव्हा काळजी नसावी. रेडिओ साफ आहे, काटा जागेवर आहे. पुण्यस्मरणाला येऊन घेऊन जावा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
शरणप्पा

ता. क. नेताना पिशवीत घालू नये, मांडीवर घ्यावा. चाक आता फार हलके झाले आहे.

आणखी एक ता. क. पाकीट बंद करणार तेवढ्यात लक्ष्मीबाई स्पिरिटची बाटली खरंच रेडिओवर संपली का ते बघायला आल्या. रेडिओ चालू होता. त्या दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, हे कधीपासून ऐकून राहिलात?" मी म्हणालो, कानडी आहे, आमच्या हिच्या माहेरचे. "कानडी न्हाई हो. आमचं तेलुगू हाय. भाताला युरिया कधी टाकायचा ते सांगून राहिलेत." मी त्यांना कालच्या वचनाबद्दल सांगितले. त्या आवाजाची मी थोडी नक्कल केली. लक्ष्मीबाईंनी पदर तोंडाला लावला. "ते व्हय. ते शेळ्यांच्या जंताचं हाय. रोज असतंय." मग बसल्या आणि शेवटपर्यंत ऐकून गेल्या.

शेवटचा ता. क. यावरून वर जे लिहिले आहे की तुम्ही बरे आहात, ते मला माहीत नाही असे समजावे. तेलुगू लोक उदगीरचे नाव कशाला घेतील? तेव्हा तुम्ही पुण्यस्मरणाची वाट न बघता या, आणि ज्या कानाला ऐकू येते तो कान घेऊन या. रेडिओ उजव्या कानाशी धरून चाक फिरवू. कानडी तुम्हाला येते, खरखर मला ओळखता येते. स्टेशन सापडेपर्यंत रेडिओ देता येणार नाही, राग मानू नये. (मंजुश्री, हा एक कंस मात्र त्यांच्या उजव्या कानाशी मोठ्याने वाच. स्टेशन पहिल्याच संध्याकाळी सापडले तरी अण्णांनी दोन-चार दिवस सापडले नाही असेच म्हणावे.)